तोंडानं सांगतलं असतं तं

माहेर माह्यं राजूरचं, बाप कोळशाच्या खदानीत होता, म्हणून काळ्या धुळीचं मले कधी भेव वाटलं नाई, पण लग्न होऊन इकडं दिग्रसकडं आली अन् पांढऱ्या कापसानंच माह्यं घर खाल्लं, काय सांगू तुम्हाले. वावर आमचं नाई. मी वेचाले जायची, घरवाला फवारणीले. लय मेहनती माणूस, पाठीवर पंप घेतला का बोलणं नाई का चालणं नाई, नुसतं काम.

त्या साली बोंडअळीनं उच्छाद मांडलता, कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती, फवारा मारला का तो तोंडावरच पडे. मालकानं औषधं सोताच ड्रममध्ये कालवली अन् रिकामे डबे गाडीत टाकून घेऊन गेला, काहून नेले ते तवा नाई समजलं. घरवाला दुपारीच घरी आला तो डोळे चोळतच, मंग उलट्या, मंग आंग असं थडथड उडाले लागलं. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तं डाक्टर म्हणे बाई, औषध कोणतं होतं ते सांगा, त्याच्यावर विलाज ठरते. मले काय मालूम, नाव लिहलेले डबे तं मालकानंच नेलते. मालकाले फोन लावला. म्हणलं भाऊ, पाया पडते, नावं सांगा फक्त. तो म्हणे थांब, पाठवतो, त्याच्यातच हाय सगळं. अन् फोन ठेवला. मंग उचललाच नाई.

फोन कोणता म्हणसान तं त्याच्याच पोराचा जुना, काच तडकलेला, दिवाळीले दिलता. फाईल आली. बोट लावलं का गोल गोल फिरे, हिरव्या पानाचं अर्धं चित्र दिसे अन् पडदा काळा, पुन्हा पहिल्यापासून. बाजूच्या खाटेजवळचा एक जण म्हणे मावशी, फाईल भारी हाय, मेमरी पुरून नाई राह्यली. म्हणलं मंग कर जागा. त्यानं गाणे पुसले, लेकीचे फोटू पुसले, सगळे पुसले बाप्पा, तरी तेच. मंग नर्सबाई म्हणे, ठेवाची जागा येगळी अन् उघडाची मेमरी येगळी, ते काई पुसून वाढत नाई. आता सांगते! लेकीचे लहानपणचे फोटू गेले ते गेलेच.

नर्सबाईच म्हणे, माह्या फोनवर टाका. टाकाले गेली तं फोन थिजूनच गेला, बंद करून चालू केला, तवा कुठं गेली ती फाईल. तिच्या फोनवर झटकन उघडली. रंगीत रंगीत, कृषी दुकानातल्या सगळ्याच फवाऱ्याच्या औषधांची फोटूसकट पानंच्या पानं. ड्रममध्ये कोणतं कालवलं त्याचा एक शब्द नाई. डाक्टरनं पाह्यलं अन् फोन परत देला. दिवस मावळताना घरवाला गेला.

पोलीस आले तं मालकानं आपला फोन दाखवला. पाहा म्हणे, मी पाठवलं होतं, निळे टिक आले, बाईनं पाह्यलं. झालं! तो सुटला. गावातल्या बाया मलेच म्हणे, फोन समजत नाई तं कायले ठेवते वो? चोर सोडून संन्याशाले फाशी. मी त्याइले किती येळा सांगतलं का टिक मीच निळे केले, पण आत ड्रममधल्या औषधाचं नावच नव्हतं, तं म्हणे असं कसं, टिक तं निळे हायत. लय राग येते मले, अजूनबी येते, आवरत नाई.

आता त्याच्या वावरात जात नाई, दुसऱ्याइकडं वेचते, गुडघे दुखते, चालते. मुकादमीण म्हणते, उद्या कोणाच्या वावरात जाचं ते फोनवर टाकते. मी म्हणते नाई बाई, दारात ये अन् तोंडानं सांग, तं येईन. ती हासते, पण येते. जा भाऊ आता, उशीर झाला तुम्हाले. तुमच्या घरच्याइले कधी असं औषधाचं नाव इचाराची पाळी आली, तं सांगणारा माणूस समोर भेटो.