आकड्यावरची चिकटपट्टी

धाकटा : मोठ्याने वाच म्हणतोय ना मी! उजेडाकडे धर ती छपाईची फ्रेम आणि वाच.

ताई : मीच बनवलीय ती सकाळी. मला माहितेय काय लिहिलंय.

धाकटा : मग म्हण की. जीभ का अडखळतेय?

ताई : "सात वर्षे, शून्य अपघात." झालं समाधान?

धाकटा : खाली कंपनीचं चिन्ह आहे, ते राहिलं. ज्या कंपनीच्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये चार वर्षांपूर्वी माझी दोन बोटं राहिली, त्याच कंपनीचं. आणि त्यावरून शाई ओढायची मी, उरलेल्या आठ बोटांनी!

ताई : तू नको ओढू. मी ओढते. पाचशे टी-शर्ट आहेत, दोन दिवसांत उरकतील.

धाकटा : मी बाहेर गेलो आणि तू गुपचूप फ्रेम बनवलीस. का गं? लाज वाटली म्हणून ना?

ताई : हो, वाटली! महिनाभर हे टेबल नुसतं पुसतेय, त्याचीही वाटते. जो तो मशीनवर छापून घेतो, नाहीतर स्टिकर चिकटवून घेतो. हा एक माणूस आपणहून आला आणि म्हणाला, हाताची स्क्रीन प्रिंटच पाहिजे. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि मी कपाळ धुवायला जाऊ?

धाकटा : त्या कागदावर सही करतानाही तू असंच काहीतरी म्हणाली होतीस.

ताई : त्या कागदाचं नाव काढू नकोस.

धाकटा : काढणार! "माझ्या भावाची बोटं माझ्या छपाईच्या खोलीत, माझ्या मशीनवर तुटली." खाली तुझी सही. काय सुरेख वळण!

ताई : तू दवाखान्यात पडला होतास. कंपनीचा मॅनेजर कागद घेऊन खाटेपाशी उभा. म्हणाला, आत झालं म्हणाल तर चौकशी लागेल. बाहेर झालं म्हणाल तर याला गेटवरचं बसून करायचं काम देतो, कायमचं. आणि तूच मान हलवलीस!

धाकटा : मला भूल दिली होती, ताई! भुलेत माणूस कशालाही मान हलवतो.

ताई : आणि मला कुणी दिली होती भूल? मी शुद्धीवर होते. तेच खातंय मला रोज.

धाकटा : सहा महिन्यांत गेटवरूनही हाकललं मला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. आणि ते धरायला बोटंही पुरी नाहीत!

(दार लोटून कंपनीचा साहेब आत येतो.)

साहेब : येऊ का? सुरक्षा विभागातून आलोय, टी-शर्टचं बघायला. नमुना झाला का ताई?

ताई : या. शाई कालवायचीय अजून.

साहेब : सावकाश करा, पण स्टिकर नको हं. मागच्या वर्षीचे दोन धुण्यांत सोलून निघाले. माणसं म्हणे छातीवर अर्धी अक्षरं घेऊन फिरत होती. स्क्रीनचं कसं, शाई कापडात मुरते. पुढची सात वर्षं अक्षर हलता कामा नये.

धाकटा : मुरतं साहेब. खोटं असलं तरी चांगलं मुरतं.

साहेब : काय म्हणालात?

ताई : काही नाही. तुम्ही बसा.

साहेब : (धाकट्याच्या हाताकडे बघत) अच्छा, तुम्हीच का ते! मी तीन महिन्यांपूर्वी रुजू झालो, जुन्या फायली वाचतोय. तुमची बोटं इथल्याच मशीनवर गेली ना? फार वाईट झालं. ती मशीन काढून टाकली का आता?

धाकटा : ताई, साहेब मशीन विचारतायत. दाखव.

ताई : अरे...

धाकटा : दाखव ना! बरं, मी दाखवतो. हे टेबल. ह्या लाकडी फ्रेमा, जाळी ताणलेल्या. हा पंखा. हा शाई पक्की करायचा हीटर. टेबलाखाली वाकून बघा, तिथे आमचं मांजर आहे. सापडली मशीन?

साहेब : मग तुम्ही छापता कशाने?

धाकटा : याने. लाकडाचा दांडा, खाली रबराची पट्टी. फ्रेमवर शाई टाकायची आणि ही ओढायची. घ्या हातात. ओढा तुमच्या बोटांवरून. ओढा! जोर लावा! तुटतंय का काही?

ताई : बस कर रे!

धाकटा : चार वर्षं बसच केलंय! साहेब, तुमच्या शेडमधला तीन नंबरचा प्रेस. पुढचं झाकण उघडं असताना तो चालायला नको, पण चालायचा. दोनदा लिहून दिलं होतं मी. तिसऱ्यांदा लिहायची वेळच आली नाही.

साहेब : हे बघा, ते माझ्या आधीचं आहे. शनिवारी कार्यक्रम आहे आणि मला पाचशे टी-शर्ट न्यायचेत. छापायचे नसतील तर स्पष्ट सांगा, दुसरीकडे जातो.

ताई : छापणार आहे. थांबा.

धाकटा : ताई!

ताई : तू गप्प. ती रुंद चिकटपट्टी दे इकडे.

धाकटा : काय करतेस?

ताई : साहेब, इकडे बघा. जाळीतून शाई जिथे खाली उतरते, तिथेच अक्षर उमटतं. ह्या "सात"वर अशी पट्टी मारली की तेवढी जागा कोरी. बाकीचं पक्कं. आता ओढते हं... हा घ्या तुमचा नमुना.

साहेब : "वर्षे, शून्य अपघात." अहो, आकडा कुठाय?

ताई : तो तुम्ही लिहायचा. हे कपड्यावरचं पेन, धुऊन जात नाही. पाचशे टी-शर्ट, पाचशे वेळा, तुमच्या हाताने.

साहेब : ही काय चेष्टा आहे?

ताई : चेष्टा आमची झालीय! इथे मशीन नाही हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. आता लिहा सात. मी बघते.

साहेब : ताई, तुम्हाला कळतंय का? त्या कागदावर सही तुमची आहे. हे उघडं पडलं तर खोटं लिहून दिलं म्हणून आधी तुम्ही अडकाल.

धाकटा : धमकी देता?

साहेब : धमकी नाही हो. आहे ते सांगतोय.

धाकटा : मग मीही सांगतो. तीन महिने फायली वाचल्यात ना, एकदा त्या प्रेसपाशी जाऊन उभे राहा. झाकण अजून तसंच आहे.

साहेब : अजून?

धाकटा : माझ्या जागेवर लागलेला मुलगा परवा भेटला होता. म्हणाला, आता हात पटकन मागे घ्यायची सवय झालीय.

साहेब : ...पेन द्या ते.

ताई : घ्या.

साहेब : तुमचा अपघात कोणत्या तारखेला झाला?

धाकटा : कशाला हवी?

साहेब : आकडा लिहा म्हणता. तेव्हापासून मोजायला नको?

धाकटा : चार वर्षांत कुणी विचारली नाही ती तारीख. आता मला नाही सांगायची.

ताई : मी सांगते. आणि पिशवीत कोरा कागद असेल तर काढा साहेब, खरं काय ते लिहून सही पण करते.