नैवेद्याचं एक शीत

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही भाता सोडा — घटकाभर तुम्ही दम खा, पेटीलाही खाऊ द्या!

पूर्वरंगात आपण शरणागती पाहिली. सगळा भार देवावर टाकावा, हे तुम्हाला पटलं. माना तर अशा डोलत होत्या की मलाच वाटलं, उद्यापासून गावात कुणी काळजीच करणार नाही! तर आता मी एक विचारतो. देवाला प्रश्न विचारला, पण त्याच्या तोंडी उत्तर आपणच घातलं — तर तो भार कुणाच्या डोक्यावर? देवाच्या, की आपल्या? घाईनं सांगू नका. आधी ऐका.

खाली तळकोकणात आवळवाडी नावाची एक वाडी होती. अकरा घरं. पाठीशी डोंगर, पुढ्यात व्हाळ म्हणजे ओढा, आणि मधोमध पावणाई देवीचं देऊळ. देवळाचा गुरव गुणाजी. सरळ माणूस, बरं का! पहाटे आंघोळ, देवीची पूजा, मग गावाचा कौल लावायचा. कौल म्हणजे काय, हे घाटावरच्या मंडळींना सांगायला हवं. देवीच्या पाषाणावर उजवीकडं एक, डावीकडं एक, अशा दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. गावानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न ठरवायचं, कौल. विहीर खणायची, कौल. गाय हरवली तरी कौल! आणि पाकळ्या लावायचा मान फक्त गुणाजीचा. गाव त्याच्या बोटांकडं बघायचं.

श्रावण लागला आणि आठ दिवस पाऊस हटेना. झऱ्याचं पाणी लाल झालं. वरची दोन काजूची झाडं वाकडी झाली. तालुक्याचा माणूस येऊन बजावून गेला की डोंगर खचतोय, आजच्या आज वाडी रिकामी करा, वर सड्यावरच्या, म्हणजे कातळी माळावरच्या, शाळेत राहायला या. वाडीत दोन तट पडले. अर्धे म्हणाले निघूया. अर्धे म्हणाले, आमचे वाडवडील इथंच राहिले, त्यांना कुठं काय झालं? अहो, वाडवडलांना काय झालं ते सांगायला वाडवडील आहेत कुठं! पण माणूस असाच बोलतो. शेवटी ठरलं, उद्या सकाळी देवीला विचारायचं. ती सांगेल ते अकरा घरं ऐकणार.

आता एक गोष्ट फक्त गुणाजीला ठाऊक होती. त्याच्या मागच्या दारी, परसात, जमिनीला भेग पडली होती. मंगळवारी बोटभर. बुधवारी मूठ मावेल इतकी. त्यानं त्यावर केळीची पानं टाकली आणि बायकोला दम दिला, कुणाला बोलायचं नाही.

का? जीव प्यारा नव्हता? होता हो! पण वर सड्यावर गुरव वेगळा, देव वेगळा. देवी पाषाणाची, जमिनीतून उगवलेली, तिला उचलून नेता येत नाही. मग तिथं गुणाजी कोण? शाळेच्या वऱ्हांड्यात पथारी टाकलेला एक म्हातारा! या वाडीत तो आला की माणसं उठून उभी राहत. त्याला त्याची सवय झाली होती, मंडळी. तुम्हाला नाही का कुठल्या खुर्चीची? समोरच्या रांगेतले हसताहेत, म्हणजे आहे!

सकाळ झाली. देवळात पाय ठेवायला जागा नाही. भिजलेली माणसं, कडेवर पोरं, कोपऱ्यात बांधलेली बोचकी. गुणाजी गाभाऱ्यात गेला. डावी पाकळी लावली — नुसत्या पाण्यानं. उजवी हातात घेतली. आणि नैवेद्याच्या ताटातलं भाताचं एक शीत उचललं, चिमटीत चुरडलं, पाकळीच्या पाठीला लावलं आणि पाषाणावर दाबलं. एक शीत! शितानं पाकीट चिकटतं, तिथं पाकळीला किती वेळ लागणार?

वाडीच्या मानकऱ्यानं, सोनू गावकरानं, गाऱ्हाणं घातलं. "आई पावणाई, तुजी लेकरां दारात उबी असत. वाडी सोडूची असात तर उजवो कौल दी, रव्हाचां असात तर डावो."

"होय म्हाराजा!" सगळी वाडी एका सुरात.

पाऊस पत्र्यावर आपटतोय. दोनशे डोळे दोन पाकळ्यांवर. गुणाजीचे मात्र मिटलेले. डावी पाकळी किंचित हलली, घसरली, आणि पडली.

राहायचं! माणसांनी देवीपुढं लोटांगणं घातली. जाऊया म्हणणारेही निमूट घरी गेले. देवीपुढं कोण बोलणार?

दुपारी गुणाजी देवळाच्या पायरीवर बसला होता. घास गिळला नव्हता. तेवढ्यात भागीकाकी आली. एकटी विधवा बाई, वाडीतलं सगळ्यात वरचं घर तिचं. सगळ्यांच्या आधी बोचकं बांधून तयार बसलेली तीच. हातात नारळ होता.

"गुरवा, बोचकां सोडलंय," ती म्हणाली. "देवीन सांगल्यान, तू आयकवलंस. आता माका भीती नाय. ह्यो नारळ आईक दी."

गुणाजीनं नारळ हातात घेतला. फोडता येईना. ठेवता येईना. सकाळी गावाला फसवताना तो देवीला घाबरला नव्हता. आता या बाईच्या विश्वासाला घाबरला! मंडळी, इथं जरा थांबा. तो गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? शीत तर केव्हाच मुंगीनं नेलं असेल. आणि बोलला, तर पिढ्यांचा मान एका वाक्यात गेला. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?

गुणाजी उठला आणि त्यानं घंटा वाजवली. अवेळी! माणसं होती तशी धावत आली. तो म्हणाला, "डावी पाकळी देवीन पाडूक नाय. उजवी मी चिकटवलंय. शितान."

कुणीतरी त्याची मानगूट धरली. त्यानं सोडवून घेतली नाही. सोनू गावकरानं माणसांना मागं सारलं, पण तोही त्याच्या तोंडाकडं बघेना. म्हणाला, "मग आता खरो कौल लाव."

"आता कौल नाय," गुणाजी म्हणाला. "माज्या मागल्या दारी चला."

त्यानं परसातली केळीची पानं बाजूला केली. सोनूला म्हणाला, हात घाल. सोनूनं भेगेत हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. खांदा जमिनीला टेकला, तरी तळ लागेना. आतून गार वारा येत होता. सोनूनं हात काढला आणि एवढंच म्हणाला, चला.

उजेड होता तोवर वाडी रिकामी झाली. गुणाजीशी कुणी बोललं नाही. भागीकाकीनं मात्र त्याला दारात अडवलं. "माज्या बोचक्याची गाठ तूच मार, गुरवा. घट्ट मार." आणि त्यानं ती मारली.

डोंगर पडला का, हेच विचारायचंय ना तुम्हाला? लगेच नाही पडला! चौथ्या दिवशी ऊन पडलं. शाळेत माणसं चरफडली, गुरवानं उगाच बाहेर काढलं म्हणाली. ते सगळं त्यानं खाली मान घालून ऐकलं. पुन्हा पाऊस लागला आणि नवव्या दिवशी, भर दुपारी, डोंगर खाली आला. सात घरं गेली. पहिलं भागीकाकीचं, दुसरं गुणाजीचं. देऊळ तेवढं वाचलं. माणूस एकही गेला नाही!

मग गुणाजीला मान परत मिळाला? नाही. कौलाचा मान गावानं त्याच्या पुतण्याकडं दिला, तो कायमचा. गाव त्या पाकळ्यांना विचारतं. भागीकाकीला काही विचारायचं असलं, की ती देवळात जात नसे. ती गुणाजीच्या झोपडीत जायची.

तर मंडळी, गुणाजी खरं बोलला तेव्हा डोंगर पडलेला नव्हता, हे ध्यानात ठेवा. पडल्यावर सगळेच खरं बोलतात. आज घरी जाल. तिथं कुणीतरी असेल — बायको असेल, म्हातारी आई असेल — तुमच्या एका शब्दावर निर्धास्त बसलेलं. तो शब्द खरा होता का? नसेल, तर माझी आरती चुकली तरी चालेल. उठा आणि आत्ता जा.