निळी फीत आणि मेंढीची चरबी

—नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो. इकडे बसा, खिडकीशी. रायफल राहू दे टेबलावरच, तिला काही कॉफी प्यायची नाहीये. हां — तर मी सांगत होते की हाल्वर येणार नाही. तुम्ही संध्याकाळपर्यंत बसलात तरी नाही येणार. तो मेंढवाड्यात आहे, आणि तुमची गाडी फाटकाबाहेर पडल्याचा आवाज कानावर आल्याशिवाय तिथून हलायचा नाही. 'बोर्गहिल्ड, व्यवहार तू कर,' म्हणाला, 'मला तिचं जाणं बघवणार नाही.' तिचं म्हणजे हिचं, रायफलचं. मी महिनाभर बहिणीकडे राहायला गेले तेव्हा ह्या माणसानं दारातून नुसता हात हलवला होता, तोही कुत्र्याला हाकलताना. असो. तुम्ही बिलिंग्जहून एवढे लांब आलात, मिस्टर प्रूइट, तुम्हाला रिकाम्या हाती पाठवणार नाही. न्या. आजच न्या. माझं स्वयंपाकघर मोकळं होईल, आणि देव मला क्षमा करो, पण ह्या घरात मला पहिल्यांदा चरबीच्या वासाशिवाय नाताळ साजरा करायचा आहे.

चरबी कसली म्हणून काय विचारता? तुम्ही रायफल घ्यायला आलात आणि तुम्हाला हे ठाऊक नाही? अहो, ही जुन्या काळ्या दारूची रायफल आहे. हिला दुकानातली चकचकीत गोळी चालत नाही. हिच्यासाठी शिसं वितळवायचं, साच्यात ओतून गोळी घरी करायची — आणि गोळीच्या अंगावर जे चर असतात ना, ते वंगणानं भरायचे. वंगण नसेल तर दारूची काजळी नळीत वाळून खरखरीत होते आणि पुढची गोळी जाते कुठंतरी शेजाऱ्याच्या कुरणात. हाल्वर तर प्रत्येक बारानंतर नळीला तोंड लावून आत सावकाश श्वास सोडतो — हो, खरंच — काजळी ओलसर राहावी म्हणून. इतक्या हळुवारपणे, इतक्या भक्तिभावानं, की पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मान फिरवली. विवाहित स्त्रीनं बघू नये असं काहीतरी चाललंय, असंच मला वाटलं.

वंगण बाजारात मिळतं. मिळतं की, डबीत, छान वेष्टणात. पण हाल्वर म्हणतो, विकतचं वंगण म्हणजे विकतची प्रार्थना. तेव्हा ते इथं होतं, ह्या चुलीवर. मेंढीच्या गुर्द्याभोवतीची चरबी — दुसरीकडची नाही, तीच, कारण ती घट्ट असते — ती मंद आचेवर कढवायची, गाळायची, त्यात मधमाश्यांचं मेण, थोडं एरंडेल, आणि ढवळत बसायचं. भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवून; थेट आचेवर ठेवलंत तर पेट घेईल आणि तुमच्या भुवया घेऊन जाईल. झालं की नाही हे कसं कळतं? थेंबभर सुरीच्या पात्यावर टाकतो, गार करतो, आणि चावून बघतो. चावून, मिस्टर प्रूइट! माझी भाजी अळणी झाली तर ह्या माणसाला कळत नाही, पण वंगणात मेण कमी पडलं तर त्याच्या दाढेला कळतं. मग माझं केकचं भांडं घेतो — वेगळं भांडं घे म्हटलं तर म्हणतो, 'ह्याचा तळ सपाट आहे' — त्यात गोळ्या उभ्या मांडतो, शाळेतल्या पोरांसारख्या रांगेनं, आणि वरून ते पातळ वंगण चरांपर्यंत ओततो. गोठलं की काडतुसाच्या कापलेल्या नळकांडीनं एकेक गोळी उचलून काढतो. मागं राहते ती भोकाभोकांची पिवळी वडी, ती पुन्हा वितळवून चपट्या डब्यांत ओततो, पुढच्या वेळेसाठी. आणि हे सगळं कधी? शनिवारी. म्हणजे रविवारी मी चर्चमध्ये शिरते ती मेंढीच्या वासासकट. धूप आमच्या लुथरन पंथात चालत नाही. ती उणीव मी भरून काढते.

घ्या, केक घ्या. नाही, ह्या भांड्यातला नाही, घाबरू नका.

ती? हो, ती फीत माझीच. जिल्ह्याच्या जत्रेत ह्या वर्षी मिळाली, पहिल्या क्रमांकाची निळी. हातांच्या मलमाला. मी कित्येक वर्षं करते — ऑलिव्हचं तेल, थोडं मेण, आणि माझ्या वाफ्यातलं लॅव्हेंडर. इथला वारा तुम्हाला ठाऊक आहे, बायकांच्या बोटांना भेगा पडतात, पुरुषांच्याही पडतात पण ते बोलत नाहीत. दरवर्षी चर्चच्या विक्रीत मी डब्या ठेवायचे आणि दरवर्षी लोक त्या कर्तव्य म्हणून घ्यायचे, जसं प्रवचन ऐकतात. ह्या वर्षी मात्र — काय म्हणालात? तुमच्या पत्नीनंही घेतली? जत्रेत? आणि भेगा भरल्या? — बघा. सगळे हेच सांगतात. गुड्रून ओसेन, आमची ऑर्गन वाजवणारी, तिची बोटं गेल्या हिवाळ्यात अशी फुटली होती की स्तोत्रातले निम्मे सूर ती गाळायची. आता सगळे वाजवते, दुर्दैवानं. आणि पाद्री लिंडाल! त्यांनी ते ओठांना लावलं. मग प्रभुभोजनाच्या वेळी पेल्यातून पहिला घोट त्यांनी घेतला, आणि मागून आम्ही सगळे, एकाच पेल्यातून. नील्स हाउगन माझ्या कानात म्हणाला, 'ह्या वेळच्या द्राक्षारसाला मटणाची चव आहे का गं?' मी म्हटलं, 'गप्प बस, प्रभू स्वतःला कोकरूच म्हणवून घेतो.' आता बोलायला नको होतं, पवित्र ठिकाणी. पण खोटं तर नव्हतं.

काय? — मटणाची चव का म्हणून? अं — म्हणजे — पाद्रीबाई रविवारी मटण करतात, त्याची असेल. लॅव्हेंडरमध्ये मटण कुठून येणार?

कॉफी ओतू अजून?

असे बघू नका माझ्याकडे. मी चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत पोरांना शिकवलंय, ही नजर मी दुसऱ्यांना देते, मला कुणी देत नाही. ठीक आहे. तुम्ही परके, आज गेलात की पुन्हा भेटणार नाही. ऐका आणि इथंच सोडून जा. मला त्या आठवड्यात भयंकर सर्दी झाली होती. नाक म्हणजे नुसतं शोभेला. त्याच शनिवारी त्यानं वंगण केलं आणि मी मलम केलं, दोन्ही सारख्याच चपट्या डब्यांत — चर्चच्या बायका खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या साठवतात, त्याच तो माझ्याकडून पळवतो — आणि दोन्ही रांगा ह्या खिडकीत गार करायला ठेवल्या. मी चिठ्ठ्या चिकटवल्या. चुकीच्या रांगेला. आणि हाल्वरचं नाक? जन्मभर मेंढरांत काढलेल्या माणसाला नाक कुठलं! त्यानं उरलेल्या डब्या उचलल्या, वितळवल्या, गोळ्यांवर ओतल्या. 'मेण ह्या वर्षी मऊ आहे,' एवढंच म्हणाला, आणि मधमाश्यांना दोष दिला. चावलं नाही का? नाही हो, वितळवलेलं पुन्हा कशाला चावेल? ते आधीच चावून झालं होतं. त्याच्या हिशेबी.

हसा, हसा. तुमच्या पत्नीनं बोटांना रायफलचं वंगण चोळलंय, आणि अख्ख्या मंडळीनं ते प्रभूच्या रक्तासोबत प्राशन केलंय. मी पण हसले होते. एकटीच, इथं, ह्या मोरीपाशी.

मग स्पर्धा. नदीकाठच्या माळावर दरवर्षी असते — लांबवर लोखंडी रानरेडे उभे करतात आणि हे म्हातारे पालथे पडून त्यांच्यावर गोळ्या झाडतात, जणू ते रेडे कुणाचं काही खाऊन बसलेत. हाल्वर तिथला राजा होता. कुणाला विचारा. त्या दिवशी ऊन असं होतं की पत्र्याला हात लावता येईना, आणि काडतुसांची पेटी उघडी, उन्हात. माझं मलम ते! तळहाताच्या उबेनं वितळावं म्हणून केलेलं. ते चरांतून सुटलं, काडतुसात उतरलं, दारू भिजवून बसलं. गोळी रेड्यांच्या अलीकडेच मातीत. एक नाही, एकामागून एक. लोक आधी ओरडत होते, मग कुजबुजायला लागले, मग गप्प झाले. ते गप्प होणं फार वाईट. हाल्वर उठला, गुडघे झाडले, सगळ्यांशी हात मिळवला. घरी येऊन रायफल पुसली, तुम्ही आता नळीत बघितलंत तशी आरशासारखी, आणि म्हणाला, 'डोळे गेले, बोर्गहिल्ड.' डॉक्टर म्हणाला डोळे उत्तम आहेत. मग म्हणाला, 'हात गेला.' एकदा मी चर्चमधून लवकर परतले तर हा ह्याच खिडकीत उभा — उजवा हात असा पुढं धरून, त्याच्याकडे बघत. हात थरथरतोय का ते बघत होता. नव्हता थरथरत. तरी बघत होता.

सांगितलं का नाही? कसं सांगणार — मला कळलंच मुळी स्पर्धा झाल्यावर. केकचं भांडं घासताना लॅव्हेंडरचा वास आला, सर्दी गेली होती, तेव्हा लक्षात आलं. फीत मिळाली त्याच संध्याकाळी. मी ती ह्या भिंतीवर लावत होते, आणि गुड्रूनचा फोन आला की बोर्गहिल्ड, तू आमच्या हातांवर उपकार केलेस, आणि उद्या माळावर हाल्वर जिंकला की तुमच्या घरात दोन—

हो. 'उद्या' म्हटलं मी.

म्हटलं तर म्हटलं. आदल्या संध्याकाळी कळलं मला. काडतुसं भरून तयार होती, दारात पेटी होती, आणि हा जोडे पुसत होता. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या एका वाक्याबरोबर ही फीत भिंतीवरून उतरली असती, आणि इतक्या वर्षांत ह्या गावानं पहिल्यांदा माझं काही मनापासून घेतलं होतं, कर्तव्य म्हणून नव्हे. मी स्वतःला समजावलं की चांगलं वंगण नि वाईट वंगण, गोळी ती गोळी, एवढं काय बिघडणार? आठवी आज्ञा मी किती पोरांकडून पाठ करून घेतली — शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस. मी साक्ष दिलीच नाही, मी फक्त तोंड बंद ठेवलं. एखाद्या पोरानं मला हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला अख्खा तास कोपऱ्यात उभं केलं असतं. आणि नवऱ्याइतका जवळचा शेजारी कुठला असतो?

आणि बघा ना, माणूस किती हुशार असतो स्वतःपुरता. त्यानं रायफल विकायची म्हटलं तेव्हा मीच आधी म्हटलं, वीक. घर मोकळं होईल म्हटलं. तुम्हाला फोन कुणी केला? त्यानं नाही. मी. ही टेबलावर असेपर्यंत तो कधीतरी पुन्हा वंगण करेल, चावेल, चांगल्या गोळ्या भरेल, माळावर जाईल, रेडे पाडेल — आणि मग विचारेल, त्या दिवशी काय झालं होतं? ती गेली की प्रश्न गेला. फीत राहिली. तो उरलेलं आयुष्य स्वतःच्या हाताकडे बघत काढेल, आणि मी त्याला त्याच्याच चरबीचं मलम लावून देईन.

पाकीट आत ठेवा, मिस्टर प्रूइट.

आत ठेवा म्हटलं ना. वाढवून देता? किती चांगले आहात. नाही. तुम्ही माझ्याशी फोनवर बोललात, शब्द दिला होता मी, हो, दिला होता. रायफल त्याची आहे, आणि तो विकतोय ते एका गोष्टीवर विश्वास ठेवून, जी मी त्याला ठेवू दिली. असल्या विक्रीला तुमच्या गावात काय म्हणतात मला ठाऊक नाही. तुमच्या पत्नीला सांगा, मलम संपलं की गुर्द्याची चरबी, मेण, थोडं एरंडेल, आणि आच मंद. लॅव्हेंडरची काही गरज नाही. लॅव्हेंडरनं आजवर कुणाचं काही भलं झालेलं नाही.

रायफलवरचा हात काढा आता. आणि ती खुर्ची — नाही, तशीच राहू दे, मागं सरकवू नका, आवाज होतो.

थांबा. मेंढवाड्याचं दार वाजलं. तुमची गाडी हलली नाही तरी तो बाहेर आलाय. त्याला राहवलं नाही; शेवटचं बघायला येतोय तिला. टोपी हातात घेतलीय बघा, दफनाला निघाल्यासारखा. — नाही, तुम्ही थांबायचं नाही, मला आधार नकोय आणि साक्षीदार तर मुळीच नको. मागच्या दारानं. केक तिथंच ठेवा. उठा, उठा, तो पायरीशी आलाय—

हाल्वर. आत ये. बस. ह्या खुर्चीवर नको, इकडे, माझ्यासमोर.