मामांची मगर

जनावर माणसाला ओळखते म्हणता ना, मग आमच्या मामांचं ऐका.

ते तिकडे हिंदी मुलखात, गढा नावाच्या गावात राहायचे. कुठूनतरी मगरीचं पिल्लू आणून त्यांनी अंगणातल्या हौदात सोडलं होतं. काही वर्षांत ती माणसाएवढी लांब झाली. मामांनी काठावर उभं राहून हात वर केला की ती सरसर यायची, मग मामा मासळी टाकायचे. पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, "देखो जी, मुझे पहचानता है."

मामी वैतागायची. "काहून पाळून राहिले हो हे संकट?"

"अगं, ती मला ओळखते!"

एका सकाळी मामा ओसरीवर चहा पीत होते. हौदातलं पाणी हललं म्हणून पाहिलं, तर तीन वर्षांची नात काठावर उभी, अगदी आजोबांसारखा हात वर करून. अन् मगर तिच्याकडे तशीच सरसर येऊन राहिली होती.

मामांनी कप टाकून धाव घेतली अन् पोरीला उचललं.

जंगल खात्याला फोन त्यांनी स्वतःच केला. मगरीला घेऊन गाडी गेली, तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "तुम्हाला ओळखत होती ना?"

मामा नातीचा हात धरून बसले होते. म्हणाले, "मला नाही. हाताला."