माहेरची नळी

नाही हो मामा, टर्बो गेलेला नाही — पहिलाही गेला नव्हता आणि हा दुसराही ठणठणीत आहे, तुमच्या भाच्यानं उगाच बदलला — बसा तुम्ही त्या स्टुलावर, पण पुसून बसा, पँटला काळं लागेल — नाही बसायचं? मग तेवढा टॉर्च धरा. इकडं, बंपरच्या खालून. मी गाडीखाली आहे म्हणजे मला काही कळत नाही असं समजू नका, मला फक्त तुमचे बूट दिसतात, पण बुटांवरूनही माणूस कळतो — मघापासून एक बूट दाराकडं वळलाय. सकाळी म्हणालात, गाडी दाखवायला आलो. ठीक आहे, मानलं, गाडी धूर सोडतेच आहे, निळा धूर, कोपऱ्यावरून वळलात तेव्हाच मी ओळखला — पण गाडी दाखवायला नवरा येतो, नवऱ्याचा मामा येत नाही. आणि मागच्या सीटवर ती रिकामी बॅग कशाला? माझ्या कपड्यांसाठीच ना? असू दे, राहू दे तिथंच. आधी गाडीचं बघू.

टर्बो म्हणजे काय, तर पंखा — इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर गरगरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा. कंपनीनं या गाडीला दिला नव्हता, भाच्याची हौस, बाजारातून आणून बसवला. हौसेला मोल नसतं, खरंय, पण त्या पंख्याच्या दांड्याला सतत तेल लागतं. ते जातं या बारीक नळीतून, पंपाच्या जोरानं, ढकललं जातं — आणि काम झालं की खाली येतं या जाड नळीतून, चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी तेलाचा डबा असतो ना, त्यात. पण येताना ढकलणारं कुणी नाही. नुसतं आपल्या वजनानं यायचं. बाबा या दोन नळ्यांना काय म्हणतात माहितीये? बारीक ती सासरची आणि जाड ती माहेरची. गिऱ्हाइकं हसतात. तेलाला सासरी ढकलावं लागतं, माहेरी ते आपलं आपण येतं, तुम्ही फक्त वाट उताराची ठेवा — लहानपणापासून ऐकत आलेय, पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं. माहेरची नळी मधे कुठं वर चढायला नको, आणि चेंबरात शिरताना तेलाच्या पातळीच्या वरून शिरायला हवी. नाहीतर तेल टर्बोतच तुंबतं, बाजूनं झिरपतं, जळतं, धूर होतो, आणि सगळे म्हणतात दोष तिचाच — म्हणजे टर्बोचाच.

आता भाच्यानं काय केलं? उजेड जरा वर. ती बघा, आडवी लोखंडी पट्टी. नळी त्या पट्टीवरून चढवली, तारेनं बांधली आणि पलीकडं उतरवली. मधे चक्क घाट. आणि भोक पाडलं ते चेंबरच्या पार तळाशी, कारण वर पाडायचं तर चेंबर उतरवा, वेल्डिंग करा, आत पडलेला लोखंडाचा कीस धुऊन काढा — कोण करणार? मी सांगितलं होतं त्याला. हो, ‘त्याला’च म्हणतेय, ‘त्यांना’ म्हणून म्हणून थकले. अंगणात त्याचे मित्र जमले होते, मी पाण्याचे पेले घेऊन गेले, वाकून बघितलं आणि म्हटलं, अहो, माहेरची नळी वर चढतेय. तोंडात बसलेला शब्द, आला बाहेर. मित्र हसले. हा लालबुंद. म्हणाला, तुझ्या बापाच्या गॅरेजातली भाषा या घरात नको, आत जा. गेले मी आत. पुढं धूर निघाला तर भेटेल त्याला सांगत सुटला, बाजारात मालच खोटा मिळतो. नाचता येईना अंगण वाकडं. तुम्हीही माना डोलावल्या असतील — आपला तो बाब्या.

हो, मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. हे तुम्ही सकाळपासून कितीदा म्हणालात आणि दर वेळी मी हो म्हटलं. मग काय खुपत होतं? घाट, मामा, घाट. माहेरी जायचं म्हटलं की सासूबाईंना विचारा, त्या म्हणणार त्याला विचार, तो म्हणणार आईला विचार, मग नणंद यायचीय, ती येऊन जाऊ दे, मग पाहुणे, मग गाडी दुरुस्तीला. नाही असं कुणी म्हणायचं नाही हं, त्या बाबतीत तुमचं घर फार सभ्य. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी पोचले तेव्हा पट्टी सुटून ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. वर मलाच म्हणाले, अगं, एवढी धावत कशाला आलीस. धावत! मी आत जाऊन भांडी घासत बसले, स्वच्छ होती तरी.

बाराचा पाना द्या बरं, तुमच्या पायाशी आहे — हा चौदाचा — हा तर स्क्रूड्रायव्हर, मामा. असू दे, राहू दे. सकाळपासून हा चेंबर मी एकटीनं उतरवला, तळाचं भोक बुजवलं, वरच्या अंगाला नवं तोंड वेल्ड केलं, पाणी भरून बघितलं, टिपूस गळत नाही. आता नळी सरळ उतारानं जाईल, तिला कुणाला विचारायला नको — काय म्हणालात? माळ्यावर? माळ्यावर किती दिवस झोपणार म्हणता? झोपेन की. टायरांचा वास मला लहानपणापासून अंगाईसारखा आहे. खोली आहे हो माझी, आत, पण तिच्यात बाबांनी जुने गिअरबॉक्स मांडून ठेवलेत, खाट कुठं आहे ते सुद्धा — थांबा.

मी माळ्यावर झोपते हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मी नाही सांगितलं. शेजारीपाजारी कुणाला ठाऊक नाही, शटर पाडल्यावर चढते मी. बूट हलवू नका, उभे राहा तिथंच. बाबांनी फोन केला ना तुम्हाला? घेऊन जा म्हणाले? — बोला की. — बरं, नका बोलू, बूट बोलले. तरीच चहा टाकतो म्हणून आत गेले ते गेलेच, कपबशीचा आवाज नाही. मी आले त्या दिवशी उंबऱ्यातच विचारलं होतं त्यांनी, किती दिवस आहेस. तेव्हापासून रोज सकाळी विचारतात, पाने पुसता पुसता, सहज, जेवलीस का विचारावं तसं. खोली रिकामी करू म्हटलं तर म्हणतात, चार दिवसांसाठी कशाला कंबर मोडून घ्यायची. मी हसून सोडून द्यायची. खरं सांगते मामा, तुमच्या घरात मी कधी रडले नाही. त्या माळ्यावर रडलेय.

ऐकताय ना, बाबा? भिंत पातळ आहे, मला माहितीये! जन्मभर गिऱ्हाइकांना शिकवलंत, माहेरची नळी उताराची ठेवा, आणि स्वतःच्या लेकीच्या वाटेत आडवी पट्टी टाकलीत? लोक काय म्हणतील, हेच ना? लोकांच्या गाड्या मी दुरुस्त करते, लोक म्हणतात गाडी झकास चालते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ऐकलंत मामा? आत काहीतरी ओढताहेत. फरशीवरून, जड. माझी ट्रंक असणार. ओढा, बाबा, ओढा! रस्त्यावर नेऊन ठेवा. समोरच्या माडीवर खोली भाड्यानं घेईन, आणि सकाळी शटर उघडायला पहिली मीच उभी असेन. मला इथून काढायचं तर हातातला पाना हिसकावून घ्यावा लागेल, आणि तो हात अजून जन्माला यायचाय.

तुम्ही निघा आता. तुम्ही वाईट नाही, लग्न जुळवलंत तेव्हा भलंच चिंतलं असेल, पण निघा. ती बॅग घेऊन जा, हलकीच आहे. गाडी इथंच राहील. भाच्यानं स्वतः येऊन न्यावी, या वेल्डिंगवरून बोट फिरवावं आणि विचारावं कुणी केलं, मग मी सांगेन. टॉर्च खाली ठेवा — तिकडं कुठं, चाकामागं? — ठेवलात, बरं. दार ओढून घ्या.

गेले. बूट वाजवत गेले. आणि आता मला हा बोल्ट दिसत नाहीये, गेला अंधारात — चाचपून लावायचा म्हटलं तर —

कोण? मामा, निघा म्हटलं ना मी — हं. उजेड तिथंच. पट्टीच्या मागं, नळीच्या तोंडावर, बरोबर. मी सांगायच्या आधीच कसं काय तुम्हाला —

या चपला आहेत.

ट्रंक कुठं ठेवलीत, बाबा? — नका सांगू. मी बोलले त्यातलं एक अक्षर मागं घेणार नाही, आधीच सांगते. तुम्ही पुन्हा विचारलंत किती दिवस, तर मी — हे काय लागलंय पायाला? अंगठ्याला, काळं? इंजिनाचं तेल नाही हे, हा वास — हा गिअरबॉक्सचा वास आहे. ते ओढत होतात? गिअरबॉक्स? खोलीतले सगळे बाहेर काढलेत? या वयात, एकट्यानं, त्या कंबरेनं — मला हाक मारायची होती, बाबा. मी काय, इथं भिंतीपलीकडंच —

हो. बाराचाच. द्या.

उजेड हलतोय, बाबा. नीट धरा.