कद्दिश कुणी म्हणायचं?

अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय रिबेकाबाई नवगावकर, नगरपालिकेतून वेळ काढून आलेले पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती साराबाई पेझारकर, आणि कोकणातून इस्रायलला येऊन या दिमोन्यात रुजलेल्या माझ्या बेने इस्रायल बंधू-भगिनींनो,

शालोम. मंडळाचा चिटणीस म्हणून गौरवाचे चार शब्द बोलण्याचं काम माझ्याकडे आलंय. गौरव सोपा आहे. बाईंनी इथल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, माझ्या दोन्ही मुलींनाही. पण बाई निवृत्तीचं वय होण्याआधीच शाळा सोडताहेत, गावही सोडताहेत. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच बोलत नाही. मग मी कशावर बोलू? मलिद्याच्या चवीवर?

बाईंचे भाऊ एलाझार बस चालवायचे. लग्न केलं नाही. बाईंचा मुलगा योनातान, तोच त्यांनाही मुलासारखा. "मी मेलो की कद्दिश तूच म्हणायचं हं," असं ते त्याला लहानपणापासून बजावायचे. मृतासाठीची ही प्रार्थना खरं तर पोटच्या मुलाने म्हणायची असते, एवढा त्यांचा भाच्यावर हक्क.

यंदा सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे अधिकार छाटायला घेतले. एलाझार सरकारच्या बाजूचे, योनातान दर शनिवारी तेल अवीवच्या मोर्चात. पेसाखच्या सणाच्या जेवणाला मी त्यांच्याच टेबलावर होतो.

"मत आम्ही द्यायचं, मंत्री आमच्या सरकारने नेमायचा, आणि जेरुसलेमचे न्यायाधीश म्हणणार, नेमणूक वाजवी नाही! त्यांना निवडलं कुणी? त्यांच्यात दिमोन्याचा एक तरी आहे का रे?"

"नाही मामा. पण सरकारला अडवणारं दुसरं आहे कोण?"

"आम्ही! निवडणुकीत."

"आणि निवडणूकच पुढे ढकलली तर?"

"म्हणजे लोकांवर भरवसाच नाही तुमचा! आम्ही अडाणी, बसवाले!"

योनातानने मग सांगून टाकलं, हे असंच चाललं तर लष्कराच्या राखीव दलाच्या ड्यूटीला तो जाणार नाही. एलाझार ताडकन उठले. "सारा, ऐकून ठेव. माझ्या मयतीला हा नको. कद्दिश हा म्हणणार नाही."

मी सरकारला मत दिलेला माणूस. एलाझारांचा राग मला कळतो. पण योनातानच्या त्या निवडणुकीच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलंय का?

शाळेतही बाईंना आईबाप दरडावून विचारू लागले, "तुम्ही आमच्या की त्यांच्या?" बाई म्हणाल्या, "मी शिकवणारी आहे." तेवढ्यावर दोन्हीकडच्यांनी बोलणं टाकलं.

जुलैत न्यायालयाचे अधिकार छाटणारा तो कायदा झाला, आणि त्याच आठवड्यात एलाझार हृदयविकाराने गेले. दफनाच्या वेळी योनातान कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होता. आत येईना, जाईना. लोक म्हणू लागले, "बोलवा त्याला! रागात बोलला असेल माणूस." रब्बींनी बाईंना विचारलं, "तुम्ही सांगाल तसं."

बाई म्हणाल्या, "एलाझारचा शब्द बदलायचा हक्क एलाझारचाच होता. तो गेला. तुम्ही सगळे मिळूनही तो शब्द बदलू शकत नाही, आणि मीही नाही."

कद्दिश मी म्हटलं. सगळ्यांचं 'आमेन' झाल्यावर फाटकाकडून एक 'आमेन' आलं, एकट्याचं. बाईंनी मान वर केली नाही.

योनातान आता कॅनडात आहे म्हणतात. आईला त्याने कळवलेलं नाही. बाई मला रोज विचारतात, "शालोमभाऊ, मी निकाल बरोबर दिला का हो?"

परवा जेरुसलेमला त्या कायद्यावर सगळे न्यायाधीश एकत्र बसले होते. त्यांचा निकाल येईल. अर्धं दिमोना नाचेल, अर्धं दारं लावून घेईल. या एका घरासाठी कुठलं न्यायालय बसणार आहे?

असो. अध्यक्षबाईंचे, पाहुण्यांचे, स्वयंपाकघरात राबलेल्या भगिनींचे मंडळातर्फे मनापासून आभार. बोलताना कुणाची बाजू दुखावली असेल, तर माझा अजाणपणा समजून पोटात घाला. आपलं नववर्ष तोंडावर आहे, एकमेकांची माफी मागायचे दिवस आहेत.

आणि एक. इथे येताना बाई म्हणाल्या, माझं कौतुक करू नका, फक्त लोकांना एक विचारा. तेवढं विचारून बसतो.

योनातानचा तिकडचा फोन नंबर कुणाकडे आहे का?