कमळकाकीची आव

धसईच्या दवाखान्यात नवसू पायाची पट्टी बदलून घ्यायला बसला होता. शेजारी कमळकाकी पोट धरून बसली होती, आणि जंतुशास्त्र शिकणारी तिची पुतणी कुणाली तपासणीचा कागद वाचत होती.

"काकी, तुला आव झालीय. हा जंतू मुळात आपल्या आतड्यातल्या गरीब जंतूंच्याच कुळातला."

"मंग घरचाच माझ्या जिवावर का उठला?"

"त्याच्या पूर्वजांना दुसऱ्या जंतूंकडनं एक गोल कडं मिळालं. प्लाझ्मिड म्हणतात. आतड्यात घुसायची विद्या त्यात असते."

"कडं घातलं नि गुंड झाला?"

"तसंच. नि जंतू अशा कड्यांची नक्कल करून शेजाऱ्यालाही देतात."

"फुकट?"

"फुकट."

"बरे हायेत की! माझी जाऊ विरजणसुद्धा देत नाय."

"हसू नको. हातानं पसरतं हे. परवा आपल्या गावच्या भाविकाच्या लग्नाच्या हळदीत स्वयंपाकाला हात लावायचा नाय."

"मी नाय तर वडे कोण थापणार?"

"कुणीही थापेल. तू मांडवात बसून लग्नाची गाणी, धवले म्हण."



"तीस वर्षं चुलीपुढंच हाय मी. मांडवात कोणी बसवलंच नाय."

"येतात ना तुला?"

"सगळे येतात."

काकीनं घसा खाकरला आणि हळू आवाजात तिथंच पहिला धवला धरला. आतून नवसूचं नाव पुकारलं. तो उठलाच नाही.